रोहिणीताईंचं विरजण

अंजनपुरात हल्ली दुपारी घराला कुलूप लावून शेजारी बसायला जाणाऱ्या बाईला लोक हसत. पाच वर्षांत शहरात एकही घर फुटलं नव्हतं, कुणाच्या गळ्यातली साखळी ओढली गेली नव्हती, आणि चाकू-सुरे फक्त भाजी चिरायच्या कामाला उरले होते. नवख्या माणसाला हे खरं वाटत नसे. मग कुणीतरी त्याला न्यायालयामागची पांढरी तीन मजली इमारत दाखवी आणि सांगे, "तिथं विरजण लावतात."

हे विरजण मनाला लावायचं असे. पूर्वी या शहरात अकराशे चाळीस माणसं अशी होती, की त्यांची नावं प्रत्येक पोलीस ठाण्याला तोंडपाठ. सकाळी पकडला, संध्याकाळी जामिनावर बाहेर, आणि आठवड्याभरात पुन्हा त्याच गल्लीत. पोलीस न्यायालयाकडे बोट दाखवत, न्यायालय पोलिसांकडे, आणि चोर दोघांकडे बघून दात काढी. लोकांनी मोर्चे काढले, पुतळे जाळले, दोन सरकारं घरी बसवली. शिक्षा वाढवून पाहिल्या. तुरुंग भरले, रिकामे झाले, पुन्हा भरले. लोक इतके विटले होते, की डॉ. अन्वय रेगे यांनी आपली कल्पना मांडली तेव्हा ती नीट समजून घ्यायलाही कुणी थांबलं नाही. कायदा एका बैठकीत मंजूर झाला. ज्याला विरजण लागलं, त्याची शिक्षा संपली. त्यानं घरी जावं.

रोहिणी बोराटे यांनी मात्र ती कल्पना समजून घेतली होती. त्या न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून, म्हणजे न्यायाधीशांपुढे फायली लावणाऱ्या कारकुनांच्या प्रमुख म्हणून निवृत्त झाल्या होत्या. 'जुनी चूक ज्यांना स्वस्थ बसू देत नाही अशांनी भेटावं' ही केंद्राची जाहिरात वाचून त्या रेग्यांसमोर जाऊन बसल्या होत्या.

"शिक्षेनं माणूस घाबरतो, ताई, पण केल्याचं त्याला काही लागत नाही," रेगे म्हणाले होते. "तुमच्याआमच्या हातून वाईट घडलं की मेंदूच्या एका कोपऱ्यात ठरावीक लय सुरू होते. पोटात कालवतं, घास उतरत नाही, ते सगळं तिच्यामुळे. या लोकांच्या मेंदूत ती उमटतच नाही."

"मग यंत्रानं बनवून घाला की."

"घातली. मेंदू तिला आठ दिवसांत झटकून टाकतो. जिवंत माणसाची घेतली तर मात्र धरतो. कोमट दुधात चमचाभर दही घालता ना तुम्ही? तसंच. तुमच्या मनातली लय आम्ही टिपून घेणार आणि सौम्य विद्युतलहरींनी त्याच्या मेंदूत सोडणार. सहा आठवड्यांत त्याचं मन आपोआप लागतं. वर्षभर टिकतं. मग पुन्हा ताजं विरजण."

"म्हणजे माझी चूक त्याला कळणार?"

"छे छे! भावना तेवढी जाते, प्रसंग नाही. एखादा कण चिकटून जात असेल, तेवढं चालायचं."

चारशे इच्छुकांत लय मोजणाऱ्या यंत्राचा काटा रोहिणीताईंच्या वेळी सगळ्यांत वर गेला. त्यांच्या एकटीच्या विरजणावर सारं शहर लागणार होतं, आणि दात्याचं नाव केंद्राबाहेर कुणाला कळणार नव्हतं. करारात मुख्य अट एकच होती: दात्यानं कबुली द्यायची नाही, क्षमा मागायची नाही आणि कुणी दिलीच तर घ्यायची नाही. मन हलकं झालं की लय विरते, ताजं विरजण मिळत नाही, आणि सगळी मनं पुन्हा पहिल्यासारखी होतात. शेजारच्या शहरात एका दात्याला त्याच्या भावानं जवळ घेऊन माफ केलं होतं. दुसरा दाता मिळेपर्यंत तिथं सत्तावीस घरं फुटली आणि तीन माणसं जिवानिशी गेली.

रोहिणीताईंची चूक अगदी कारकुनी होती. दहा वर्षांपूर्वी एका शुक्रवारी, कामकाज संपता संपता, हवालदार भोगले एक कागद घेऊन आले. शौर्य नावाच्या एका पोराच्या आधीच्या अकरा गुन्ह्यांची ती यादी होती. सगळं शहर त्याला शौऱ्या म्हणे. यादी त्याच्या जामिनाच्या फायलीला जोडायची होती, पण फाईल वर न्यायाधीशांच्या दालनात गेली होती. दोन जिने चढायचे, फाईल मागायची, नोंद करायची. त्या दिवशी रोहिणीताईंच्या धाकट्या जावेचं डोहाळेजेवण होतं आणि ओटी त्यांनीच भरायची होती. सुनावणी सोमवारी आहे अशी त्यांची समजूत होती. त्यांनी कागद ड्रॉवरमध्ये सारला. भोगल्यांनीही ओळखीच्या भरवशावर पोच मागितली नाही.

सुनावणी शनिवारी निघाली. फायलीत आधीचा गुन्हा दिसला नाही, म्हणून जामीन झाला. मंगळवारी शौऱ्या पेडणेकरांच्या औषधांच्या दुकानात शिरला आणि गल्ल्यावर बसलेल्या ऋजुताला त्यानं भोसकलं. बावीस वर्षांची होती ती. लोकांनी न्यायाधीशांचा पुतळा जाळला. चौकशीत भोगले शपथेवर सांगत राहिले की कागद मी दिला होता; ते निलंबित झाले. आणि रोहिणीताईंनी तो कागद घरी नेऊन गॅसवर जाळला. कुणी त्यांना एक शब्दही विचारला नाही, आणि तेच त्यांना पुढे सोसवेना.

सहाव्या वर्षाचं विरजण द्यायचा दिवस आला. केंद्राची गाडी खाली येऊन थांबली होती. रोहिणीताई चपला घालत होत्या तेवढ्यात बेल वाजली. दारात ऋजुताची आई उभी होती.

"ओळखलंत ना?" पेडणेकरबाई म्हणाल्या. "बसत नाही, दोनच मिनिटं. तो शौऱ्या दर रविवारी येतो माझ्याकडे. विरजण लागल्यापासून. पहिल्यांदा मी त्याच्या अंगावर चप्पल फेकली होती. तरी येत राहिला. दुकानाचं शटर उचलतो, पायरीवर बसून रडतो, म्हणतो, मी मारलं हो तिला. काय सांगू, ज्यानं मारलं त्यालाच रडताना बघितलं तेव्हा कुठं मला घास गोड लागायला लागला."

रोहिणीताईंनी दाराची चौकट धरली.

"गेल्या रविवारी म्हणाला, बाई, मला सारखा एक ड्रॉवर दिसतो. पितळी कडीचा. आत एक कागद आहे आणि तो मी वेळेवर बाहेर काढला नाही. आता त्या पोराला कसला आलाय ड्रॉवर? पण मी एकूण एक तारखेला न्यायालयात हजर होते. पितळी कडीचा ड्रॉवर एकाच टेबलाला होता." पेडणेकरबाईंचा आवाज जराही चढला नव्हता. "मी भांडायला नाही आले हो. चार रात्री तळमळले, मग वाटलं, तुम्हीपण दहा वर्षं तळमळतच असाल. मी सोडून दिलंय सगळं. तुम्हीही सोडा."

दहा वर्षं रोहिणीताईंना हेच ऐकायचं होतं. बाईंचे पाय धरावेत आणि ओक्साबोक्शी रडावं, असं त्यांना इतकं वाटलं, की त्या खरोखरच वाकल्या. पण त्याच क्षणी त्यांना खालच्या मजल्यावरच्या उघड्या दारातून पोरींच्या हसण्याचे आवाज ऐकू आले. अकराशे चाळीस माणसं. आपण आता रडलो, तर यांतल्या कुठल्या पोरीची आई उद्या कुणाच्या दारात उभी राहील?

"कुठला ड्रॉवर?" रोहिणीताई म्हणाल्या. "तुमचा काहीतरी गैरसमज झालाय. तो कागद माझ्यापर्यंत आलाच नव्हता. मी काही केलंच नाही. जे केलं ते त्या हवालदारानं केलं."

पेडणेकरबाईंचा चेहरा पडला, आणि त्यांनी चक्क हात जोडले.

"अगं बाई! आणि मी तुमच्याबद्दल काय काय मनात आणलं! माफ करा हं मला. दुःखात माणसाची बुद्धी फिरते."

त्या जिना उतरून गेल्या. त्यांच्या पाठोपाठ रोहिणीताई उतरल्या आणि गाडीत बसल्या. स्वतःची इतकी किळस त्यांना कागद जाळतानाही आली नव्हती.

केंद्रात डोक्याला पट्टा बांधताच काटा उजवीकडे जाऊन टेकला. रेग्यांनी दोनदा यंत्र तपासलं. "ताई, इतकी जोरकस लय मी आजवर पाहिली नाही! काय झालं तरी काय?"

"काही नाही," रोहिणीताई म्हणाल्या.

सहा आठवडे गेले. शहर नेहमीसारखं शांत होतं. मग एका सकाळी पेडणेकरबाई पुन्हा आल्या. या खेपेला त्या बसल्या.

"तो बदललाय हो. रविवारी येतो, रडतो. आणि म्हणतो, बाई, तुमचा गैरसमज झालाय. मी काही केलंच नाही. जे केलं ते दुसऱ्यानं केलं."

रोहिणीताई आत जाऊन रेग्यांशी फोनवर बोलल्या. रेग्यांना माहीत होतं. शहरभर तेच चाललं होतं. ज्यांनी ज्यांनी आजवर पाय धरून कबुली दिली होती, ते सगळे आता त्याच दारांत जाऊन रडत रडत नाकबूल होत होते.

"एखादा कण चिकटला असेल, ताई. पण गुन्हा एकही नाही! लोकांना आणखी काय हवंय?"

त्या बाहेर आल्या. पेडणेकरबाईंनी त्यांचा हात धरला.

"तुम्ही सगळे कागद पाहिलेत. खरं सांगा, तोच होता ना? का मी इतकी वर्षं भलत्याच पोराला मारेकरी समजत बसले?"

"तोच होता," रोहिणीताई म्हणाल्या. एवढं खरं बोलायला करार आड येत नव्हता.

"मग आता का म्हणतो तो असं? तेवढा एकच आधार होता मला. का म्हणतो हो?"

उत्तर रोहिणीताईंच्या ओठांवर आलं होतं. शौऱ्याच्या तोंडचे शब्द त्यांचे स्वतःचे होते, जवळजवळ अक्षरन् अक्षर. ते सांगितलं असतं तर या बाईला पुन्हा घास गोड लागला असता. आणि आपल्यालाही लागला असता, हे त्यांना कळत होतं.

"काय सांगायचं, पेडणेकरबाई," त्या म्हणाल्या. "असली माणसं अशीच असतात."

पेडणेकरबाईंनी डोळे पुसले आणि मान हलवली. त्यांना ते पटलं.