दोघांची खोली

प्रशिकला ही नोकरी हवी होती ती आईसाठी, बाकी सगळं नंतर. वडील गेल्यापासून प्रेमिलाबाई नागपुरात, नंदनवनच्या घरात एकट्या. दुपार झाली की घर खायला उठायचं, आणि बंगळुरूत प्रशिकच्या फोनवर मिसकॉलवर मिसकॉल यायचे. एवढा सॉफ्टवेअर इंजिनीअर, पण आईची भीती काही त्याला घालवता येईना. म्हणून लष्करासाठी रॉकेटची यंत्रणा बनवणाऱ्या नागपूरच्या कंपनीनं मुलाखतीला बोलावलं, तसा तो स्टेशनवरून घरीसुद्धा न जाता थेट तिकडे गेला.

गेटवर फोन जमा करून घेतला. मुलाखत घेणाऱ्या सत्यवती मॅडम पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या. लॅबकडे नेतानेता त्यांनी नियम सांगितले. आत कुणी एकट्यानं बसायचं नाही, कमीत कमी दोघं हवीत. आत किती माणसं आहेत ते छतातला सेन्सर मोजतो, आकडा दारावर आणि आतल्या पाटीवर दिसतो.

"आणि आपल्या मागच्यासाठी दार धरून ठेवायचं नाही," त्या म्हणाल्या. "कोणीही असो."

दारावर तेव्हा एकचा आकडा होता. आत कुणीच नव्हतं. दोन खुर्च्या, दोन कॉम्प्युटर, एसीचा गारवा, आणि संत्र्याच्या सालीचा वास. इथं डबा आणायला बंदी असून! दोघं आत गेल्यावर आतल्या पाटीवर तीन झाले.

मॅडमनी त्याला त्या सेन्सरचाच कोड उघडून दिला. एक माणूस जास्त मोजतो, चूक शोधा, हीच परीक्षा. मग त्या उठल्या. एकट्यानं बसायचं नाही ना, असं त्यानं विचारलं, तर त्यांनी पाटीकडे पाहिलं.

"मी गेल्यावर दोन उरतात. चालतं."

दार लागलं. प्रशिक कामाला लागला. भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतला तो नव्हता, बापानं तसा घडवलाच नव्हता. एकेक ओळ त्यानं दोनदा तपासली. मधेच वाटलं, शेजारच्या कीबोर्डावर कुणी टाइप करतंय. टकटक, थांबून पुन्हा टकटक. एसी असेल, म्हणून त्यानं स्वतःला दटावलं. तरी हात लांब करून दुसऱ्या खुर्चीला लावून पाहिलाच.

खुर्ची कोमट होती.

मॅडम परत आल्या. काहीतरी थातूरमातूर दुरुस्ती दाखवावी, असं फार मनात आलं. नोकरी गेली तर आईला काय सांगणार? पण खोटं काही निघेना.

"कोडमध्ये चूक नाही, मॅडम. बरोबर मोजतोय तो."

"हे कबूल करणारे तुम्ही पहिलेच," त्या म्हणाल्या, आणि थकल्यासारख्या दाराकडे निघाल्या.

तो त्यांच्या मागून बाहेर पडला. पाठीमागे कुणाची तरी चाहूल लागली आणि सवयीनं त्यानं दार धरलं. लहानपणापासूनची शिस्त, हात आपसूकच गेला. अंगाजवळून गार वारा गेल्यासारखा झाला.

दारावर शून्य आलं.

मॅडम त्या आकड्याकडे बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. सोमवारपासून या, एवढंच त्या म्हणाल्या.

सोमवारी दिवसभर फोन गेटवर अडकून होता. आई घाबरली असेल, या काळजीनं त्याचा जीव टांगणीला लागला होता. संध्याकाळी फोन हातात आला. एकही मिसकॉल नव्हता. त्यानं घाईनं घरी फोन लावला.

"जेवली काय आई?"

"जेवलो ना आम्ही." आईचा आवाज किती दिवसांनी असा मोकळा लागला. "संत्रं सोलून दिलं त्याले. मुकाट्यानं खाल्लं."

"कोणाले?"

"तुह्या खोलीत बसून राहिला. तू काळजी नको करू बापा. एकटी कुठं आहो मी आता?"

फोनमध्ये, आईच्या मागून, टकटक ऐकू येत होती. थांबून, पुन्हा टकटक.