शिडावरचा ओरखडा

“बाबा! अल्बम कुठे चाललाय?” चष्मिस ओरडला.

बाबा दारातच थबकले. त्यांच्या काखेत जुन्या नाण्यांचा जाडजूड अल्बम होता. शाळेत असल्यापासून त्यांनी जमवलेला, आणि दर सुट्टीत मुलांनी भर घातलेला!

“नाणेकाकाकडे. काल पाहायला दिलेलं हे जहाजाचं चांदीचं नाणं घेतोय, अल्बमच्या बदल्यात. आजच घ्यायला हवं, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक नेईल.”

“अख्खा अल्बम?” मावसभाऊ टिल्लूचं तोंड एवढंसं झालं.

“दुसऱ्या जाणकाराला दाखवलंत? पावती देणार आहेत?” ताईनं विचारलं.

“बालमित्राकडे पावती मागू? काहीतरीच तुझं!”

घ्या! कांदे घेताना चार दुकानं पालथी घालणारे बाबा ते हेच!

पण मुलांना तरी काकांबद्दल कुठे शंका होती? सगळी सुट्टी ती काकांच्या जुन्या नाण्यांच्या दुकानातच पडीक असायची. नाणं घासायचं नाही, घाईनं घ्यायचं नाही, कडेवर सांध्याची रेघ दिसली तर ते साच्यात ओतलेलं, म्हणजे नकली. हे सगळं काकांनीच शिकवलेलं. चष्मिसचं भिंगही त्यांनीच वाढदिवसाला दिलेलं.

तेच भिंग चष्मिसनं नाण्यावर धरलं. जहाजाच्या शिडावर वाकडा ओरखडा होता.

“अरेच्चा! असंच नाणं मी सकाळी काकांच्या पाकिटांच्या खणात पाहिलं. हाच ओरखडा!”

“मग हेच असेल,” टिल्लू म्हणाला.

“हे कालपासून आपल्या घरात आहे, बावळटा!”

“मग जुळं असेल!”

“जुळी भावंडं पडली, तर दोघांना एकाच जागी खोक पडते का रे?” ताई म्हणाली. तिनं नाण्याची कड पाहिली. घासून घासून गुळगुळीत केली होती, पण एका जागी बारीक रेघ उरलीच होती.

चष्मिस ताडकन उठला. “म्हणजे काकांना कुणीतरी फसवलंय! चला, आधी त्यांना सांगू!”

“तुम्हा पोरांना सगळीकडे चोरच दिसतात,” असं पुटपुटत बाबाही निघाले.

दुकानात शिरताच चष्मिसनं धापा टाकत सगळं सांगितलं. “काका, तुमच्या खणातलं दुसरं नाणं काढा ना, आत्ता कळेल!”

काकांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. “दुसरं? छे! माझ्याकडे हे एकच होतं.”

चष्मिसनं तर सकाळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. काका खोटं बोलत होते, आणि तेही त्याच्याशी!

“बघा! उगाच माझ्या मित्रावर आळ!” बाबांनी अल्बम पुढे सरकवला.

ताई गोड हसली. “चुकलं आमचं. काका, नाण्याला एक पाकीट तेवढं द्या. उघडं नाणं कुणाच्या हाती द्यायचं नाही, असं तुम्हीच सांगता.”

“हो, हो!” वर्षानुवर्षांची सवय! काकांच्या हातानं पाकिटांचा खण ओढला. आपण काय केलं हे कळून त्यांनी तो ढकलला, पण टिल्लूनं टेबलावरची पट्टी मध्ये घातली होती.

खणात पाकिटांवर तीन जहाजं पडली होती. तिन्ही शिडांवर तोच ओरखडा!

बाबांनी अल्बम मागे ओढून पुन्हा काखेत घेतला.

“धंदा पार बसलाय रे,” काका शेवटी म्हणाले.

“मग तोंडानं मागायचं होतंस!” बाबांचा आवाज फाटला. “अल्बम तसाच दिला असता मी तुला! पोरांचा गुरू ना तू? आता ही नाणी कुणाकुणाला विकलीस ते सांग. त्या सगळ्यांना मी स्वतः कळवणार.”

घरी येऊन बाबांनी तिघांना जवळ घेतलं. “शाब्बास! मला लाज पावती मागायची वाटत होती. आता फसल्याची वाटतेय.” आईनंही तिघांची पाठ थोपटली.

चष्मिस मात्र खूश दिसेना. त्यानं अल्बमचं पहिलं पान उघडलं. तिथे एक छोटं तांब्याचं नाणं होतं. पहिल्या धड्याच्या दिवशी काकांनी त्याच्या हातावर ठेवलेलं.

“कशाला बघतोस? तेही नकलीच असणार,” टिल्लू म्हणाला.

चष्मिसनं भिंग लावून कड नीट फिरवून पाहिली. मग पुन्हा एकदा पाहिली.

“खरं आहे,” तो म्हणाला, आणि भिंग खाली ठेवून रडायला लागला.