उजव्या बाहीवरचा पाहुणा

सकाळी फाइल उघडली, तर माझ्या शर्टाच्या उजव्या बाहीवर कुणीतरी बसलं होतं.

एक हिरवा ठिपका. शेजारी बारीक अक्षरांत लिहिलेलं — ‘पाहुणा’. आपलं नाव न टाकता जो नुसती लिंक दाबून आत येतो, त्याला आमचं शिकवणीचं अॅप हेच नाव देतं. ठिपका बाहीच्या टोकाशी थांबला, जरा वर सरकला, पुन्हा खाली आला... आणि त्याच्याबरोबर बाहीची रेघही खालीवर झाली.

चहाचा कप मी तसाच खाली ठेवला. ती रेघ मी आखलेली होती. घरबसल्या शर्ट शिवायला शिकवणारा माझा पहिलावहिला कोर्स, आणि हा त्याचा मूळ पॅटर्न. शिकणाऱ्यांनी तो उतरवून घ्यायचा, छापायचा, कापडावर ठेवून बेतायचं. त्याला हात लावायचं काही कारणच नव्हतं.

फाइलच्या कडेला शेरे लिहायची जागा असते. तिथे मी लिहिलं, “कोण आहे?”

ठिपका जागीच थबकला. मग उत्तर आलं, “मी. तुमच्या बॅचमधलाच. गुड मॉर्निंग, टीचर.”

“गुड मॉर्निंग राहू द्या. माझ्या बाहीवर काय करताय?”

“आखूड करतोय.”

“ते दिसतंय मला.”

“पण टीचर... तुम्ही माझ्या फाइलमध्ये कशा आलात?”

आता मात्र माझं डोकं फिरलं. “तुमच्या? ही माझी फाइल आहे. सगळ्यांची एकच आहे ही.”

ठिपका बाहीवरून चटकन बाजूला झाला. मग, “अरे बापरे. मला वाटलं, लिंक दाबली की प्रत्येकाला आपापली उघडते.”

मी घाईघाईने परवानग्यांचं पान काढलं. तिथे माझ्याच हाताने निवडलेलं वाक्य माझ्याकडे बघत होतं — ‘लिंक असलेला कुणीही बदल करू शकतो.’ त्याच्या खालीच ‘फक्त पाहू शकतो’ हा पर्याय होता. बोट एक ओळ वर पडलं होतं, बास.

“कधीपासून करताय हे?”

“सोमवारपासून. रोज थोडी थोडी.”

आणि बाकी सगळ्यांनी पॅटर्न उतरवून घेतला होता मंगळवारी. मी आधी कॅलेंडर बघितलं.

का, ते सांगते. कपड्यांच्या कारखान्यातली नोकरी सोडून मी मावशीच्या शिवणाच्या दुकानात कॅमेरा मांडला होता. मावशीचं मत असं की कॉम्प्युटरवरून कुणी सुईत दोरासुद्धा ओवायला शिकायचं नाही. आणि अॅपवाल्या मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, “रविवारी संध्याकाळी सहापर्यंत निम्म्याहून जास्त लोकांनी अंगात घातलेल्या शर्टाचा फोटो जमा केला, तर पुढची बॅच. नाहीतर कोर्स बंद.” कोर्स बंद म्हणजे मी पुन्हा कारखान्यात, दिवसभर एकाच जातीची बटणं लावत. आज गुरुवार होता.

“एवढी आखूड बाही हवी कशाला तुम्हाला?” मी लिहिलं. अक्षरांतून राग दिसावा म्हणून पुढे तीन प्रश्नचिन्हं टाकली.

“बाबांसाठी. लहानपणी झाडावरून पडले, तेव्हापासून त्यांचा उजवा हात चार बोटं आखूडच राहिला. सगळा जन्म ते उजवी बाही दुमडून वावरले. म्हटलं, एक तरी शर्ट न दुमडता घालू दे.”

प्रश्नचिन्हं मी हळूच पुसली.

मग आधी एक काम केलं. त्याने बदललेल्या पॅटर्नची वेगळी प्रत काढली, तिला ‘बाबांची बाही’ असं नाव दिलं, आणि मूळ फाइल सोमवारच्या आधीच्या रूपात परत आणली. ती परत आणायला एक बटण पुरलं. पण कापडाला असं बटण नसतं ना.

दुपारच्या तासाला सगळ्यांनी कॅमेऱ्यासमोर शर्ट धरले. ओळीने सगळ्या उजव्या बाह्या तोकड्या. एक निवृत्त बँकवाले आजोबा शर्ट चढवून गंभीरपणे म्हणाले, “टीचर, माझा एक हात वाढलाय का हो?” कुणी हसलं, कुणी कापड वाया गेल्याचं ऐकवलं. एक वहिनी म्हणाल्या, “मी बाई आता सोडूनच देते.” मी तोंड उघडणार, तेवढ्यात एका बंद कॅमेऱ्यामागून आवाज आला.

“चूक माझी आहे. बाही मी हलवली. टीचरांना काही बोलू नका.”

शांत, जरा घोगरा आवाज. असा की पुन्हा ऐकावासा वाटावा... आणि मला वाटलाही. पण म्हटलं, बाई, आधी बाही निस्तर.

“लिंक मी दिली होती,” मी म्हणाले. “तेव्हा दोष अर्धा अर्धा. कुणी काही सोडून द्यायचं नाही. डावी बाही उजवीएवढी कापा. दोन्हींना वेगळ्या रंगाच्या कापडाचे रुंद कफ लावू. घरात उरलेलं कुठलंही कापड चालेल. कफचा पॅटर्न उद्या मिळेल तुम्हाला.”

“पडद्याचं चालेल?” आजोबांनी विचारलं.

“पळेल.”

शुक्रवारी कफ आखायला बसले, तर हिरवा ठिपका आधीच हजर. तो नकाशे काढणाऱ्या ऑफिसात होता. त्याचं म्हणणं, सरळ रेघ त्याच्याइतकी कुणी मारत नाही.

“बाहीची रेघही सरळच मारली होतीत,” मी लिहिलं. “चुकीच्या जागी.”

“जागा चुकली म्हणून तर तुमच्याशी बोलणं झालं.”

मी खिडकीबाहेर बघितलं. खरं तर बघण्यासारखं काही नव्हतं, बारीक पाऊस आणि समोरच्या गॅलरीत विसरलेली चादर. पण पडद्याकडे बघायची सोय राहिली नव्हती.

“पोरी, इस्त्री,” मावशी ओरडली. मी टेबलावर इस्त्री तशीच टेकवून ठेवली होती. मावशीने वाफाळणारी इस्त्री उचलली, माझ्या पडद्यावर एक नजर टाकली आणि म्हणाली, “कोण गं हा ठिपका? सकाळपासून तुझ्या मागे मागे फिरतोय.”

“विद्यार्थी आहे.”

“हं. आमच्या वेळी विद्यार्थी समोर बसायचे.”

मी मापं सांगत होते, तो रेघा ओढत होता. कफच्या एका टोकाला त्याचा ठिपका, दुसऱ्या टोकाला माझा. मध्येच दोघे एकाच बटणावर आले.

“सरका ना जरा,” मी लिहिलं.

“तुम्ही सरका. मी आधी आलो.”

“मी टीचर आहे.”

“म्हणून तर समोर उभा आहे.”

कफ तयार झाला तेव्हा तास सुरू व्हायला थोडा अवकाश होता. त्या दिवशी त्याने पहिल्यांदा कॅमेरा लावला. विस्कटलेले केस, कपाळावर खडूचा पांढरा पट्टा, आणि मशीनमध्ये दोरा ओवताना बाहेर आलेलं जिभेचं टोक. मी सगळ्या वर्गाला कफ जोडायला शिकवलं, पण माझी नजर एकाच चौकोनात पुन्हा पुन्हा जात होती. एकदा त्यानेही वर बघितलं. पडद्यावर कोण कुणाकडे बघतंय हे काही कळत नाही, पण मला कळलं. मी प्रेमात पडले होते. दुसरं काय?

शनिवारी मी शहाणपणा केला. परवानग्या अजून तशाच उघड्या होत्या. एकदा हात पोळलाय, तर मॅडम बघायच्या आत सगळं कुलूपबंद करून टाकू, म्हणून कोर्सच्या मुख्य फोल्डरलाच ‘फक्त पाहू शकतो’ लावलं आणि निर्धास्त झोपले.

रविवारी सकाळी फोटो जमा करायचा फोल्डर उघडला. रिकामा. म्हटलं, लोक उशिरा उठले असतील. दुपारी उघडला. रिकामा. एरवी शेरे लिहून भंडावून सोडणारी मंडळी अगदी गप्प. चार वाजून गेले, तरी एकसुद्धा शर्ट नाही. वहिनींनी सोडून दिलं असणार, त्यांच्या मागोमाग सगळ्यांनी. मावशीने न मागता चहा आणून ठेवला, आणि तिची ती दया जास्त लागली. मी कारखान्यातल्या मुकादमांचा नंबर शोधायला घेतला.

त्याआधी, का कोण जाणे, एकदा शेवटचा पॅटर्न उघडला. त्या उजव्या बाहीवर एकदा बसून यावं, एवढंच.

तिथे हिरवा ठिपका होता. पण आज त्याचं काहीतरी बिनसलं होतं. बाहीवरून तो शेऱ्यांच्या जागेपर्यंत धावायचा, तिथे आपटल्यासारखा थांबायचा, परत यायचा. गोल फिरायचा. पुन्हा शेऱ्यांकडे. पुन्हा गोल.

“काय झालं?” मी लिहिलं.

ठिपका वेड्यासारखा नाचला. उत्तर मात्र नाही. तो माझ्या शब्दांपाशी आला, खालच्या रिकाम्या जागेवर इकडून तिकडे फिरला... लिहायला बघत होता तो. त्याला लिहिताच येत नव्हतं.

मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मुख्य फोल्डरला कुलूप, म्हणजे आतल्या सगळ्याला कुलूप. शेऱ्यांना, आणि फोटो जमा करायच्या फोल्डरलासुद्धा. सगळे दारात उभे होते आणि दाराला कडी मीच घातली होती. आणि हा एकटा बहुधा सकाळपासून माझी वाट बघत गोल गोल फिरत होता.

मी जमा करायचा फोल्डर उघडा केला, शेरे उघडे केले. पहिला फोटो आला आजोबांचा. पडद्याच्या कापडाचे कफ, त्यावर मोठाली फुलं. मग वहिनी. मग एकामागून एक, मोजता येईनात इतके. मी मावशीला गदागदा हलवलं. मावशी चष्मा लावून वाकली आणि म्हणाली, “टीप सरळ आहे गं यांची.” मावशीच्या तोंडून याच्यापेक्षा मोठं कौतुक निघत नाही.

सर्वांत शेवटी त्याचा फोटो आला. दारात उभे असलेले एक सडपातळ गृहस्थ, दोन्ही हात खाली सोडलेले, दोन्ही बाह्या बरोब्बर मनगटावर. ते कॅमेऱ्याकडे बघत नव्हते. आपल्या उजव्या मनगटाकडे बघत होते. माझे डोळे भरून आले.

“सकाळी नऊपासून फिरतोय,” शेरा आला. “चक्कर यायची वेळ आली होती.”

“फोन करून मॅडमना सांगायचं ना.”

“रविवारी कुणी उचलत नाही. म्हटलं, तुम्ही कधीतरी बाही बघायला याल.”

“आले की.”

“आलात. टीचर... एक विचारायचं होतं. बॅच संपल्यावर—”

सहा वाजले. अॅपने शिस्तीत सगळ्या शिकणाऱ्यांच्या लिंका बंद केल्या. ठिपका विझला.

मॅडमचा निरोप आला, “पुढची बॅच नक्की. अभिनंदन.” मी दुकानभर नाचले. आणि नाचून झाल्यावर त्या रिकाम्या बाहीकडे बघत बसले. त्याचा नंबर नव्हता, पत्ता नव्हता. शिकणाऱ्यांशी बाहेर बोलायचं नाही असा अॅपचा नियम, आणि अॅपला त्याच्याबद्दल जे माहीत, ते मला दाखवत नाही. हवं ते मिळालं होतं. मग एवढं रडू कशाचं येत होतं?

पुढच्या शनिवारी दुकानाचं काचेचं दार वाजलं. मी मान खाली घालून काज करत होते.

“दुरुस्ती घेता का?”

घोगरा आवाज. माझी सुई बोटात घुसली.

तो दारात उभा होता, केस तसेच विस्कटलेले. मागे त्याचे वडील, तोच शर्ट घालून.

“तुम्हाला... दुकान कसं सापडलं?”

“तासाला तुमच्या पाठीमागे हे दार दिसायचं. नाव उलटं दिसतं आतून. नकाशे बघतो मी दिवसभर, उलट सुलट सगळं वाचता येतं.” तो अडखळला. “बाबांच्या शर्टाचा मुंढा काखेत जरा आवळतोय.”

“काही आवळत नाही,” बाबा स्टुलावर बसत म्हणाले. “मस्त बसलाय. आठवडाभर ह्याचं चाललंय, ‘बाबा, कुठेतरी आवळत असेल बघा.’ दोन बस बदलून आणलंय मला.”

मावशीने हातातलं काम बाजूला ठेवलं. “चहा टाकते,” ती म्हणाली आणि हसू लपवायला आत गेली.

“त्या दिवशी काय विचारणार होतात?” मी विचारलं.

“हेच, की बॅच संपल्यावर मी येऊ का.” त्याचे कान लाल झाले होते. “फाइल बंद झाली आणि मला काही सुचेना. शिवणकाम सुटलं म्हणून नाही. तुम्ही मला आवडता.”

“उत्तर तिथेच दिलं असतं मी,” मी म्हणाले. “लिंकच गेली.”

“मग आता द्या.”

मी गळ्यातली टेप काढली. “हात सरळ करा. बाबांचा झाला, आता तुमचा शर्ट शिवू. मलाही तुम्ही... सरळ करा म्हटलं ना.”

तो हसला. खांद्यावर टेपचं एक टोक धरून मी मनगटापर्यंत आले. त्याची नाडी माझ्या बोटाखाली धावत होती. माझी तर केव्हाच पुढे गेली होती.

“बाही किती गं?” आतून मावशीचा आवाज.

मी टेपकडे बघितलं. कुणाचंही माप एकदा घेतलं की जन्मात न विसरणारी मी... आकडा नुकताच वाचला होता, आणि डोक्यात काही म्हणजे काही नव्हतं.

“विसरले,” मी म्हणाले.

“मग पुन्हा घे,” तो हळूच म्हणाला. “मला घाई नाही.”