चौथ्या मजल्यावर तिसरा फोन

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. मी जे पाहिलं तेच लिहिते आहे.

१४ मे २०२४, मंगळवार. दुपारचे पावणेतीन. अकोल्यात, जठारपेठेत, चार मजली नवं कापड दुकान. ते अजून सुरू झालं नव्हतं. आत फक्त मी आणि माझा सख्खा भाऊ, सागरदादा.

आम्ही वायफाय बसवायची कामं घेतो. आधी तिघं होतो. तिसरा अंकुर.

अंकुरशी माझं लग्न आमचं आम्हीच ठरवलं होतं. घरी जात आडवी आली. एकटा दादा आमच्या बाजूने होता.

सहा महिन्यांपूर्वी अंकुरचा मेसेज आला. "मी चाललो. मले शोधू नको." मग फोन बंद.

मी जेवण सोडलं होतं. दादा ताट घेऊन बसून राहायचा. "विसर त्याले, प्रतीक्षा. धोकेबाज निघाला तो."

मीही तेच मानलं. अंकुरला रोज शिव्या दिल्या.

त्या दुपारी वायफायचे डबे छताला लावून झाले होते. प्रत्येक डबा फोनचा सिग्नल मोजतो. तीन-चार डब्यांचे आकडे जुळले की फोन नेमका कुठे आहे, तिथे लॅपटॉपच्या नकाशावर ठिपका येतो. चौथ्या मजल्यावर बसून आम्ही तेच तपासत होतो.

दोन फोन. दोन ठिपके.

मग... तिसरा.

तळमजल्यावर, शटरच्या आत. शटरला आम्ही आतून कुलूप लावलं होतं.

ठिपक्याखाली नाव होतं... अंकुर.

आमच्या टेस्टिंगच्या नेटवर्कला तिघांचेही फोन आपोआप जोडले जायचे.

"दादा, अंकुर खाली आला आहे."

दादाने स्क्रीन पाहिली. "बंद कर ते."

मी जिन्यात धावले. खाली वाकून पाहिलं. कोणी नाही. पावलांचा आवाजही नाही.

परत आले तर ठिपका दुसऱ्या मजल्यावर होता.

आमच्या डोक्यावरच्या डब्याचा आकडा सरकत होता. उणे ऐंशी... उणे साठ... शून्याकडे जाईल तितका फोन जवळ.

उणे तीस.

ठिपका आमच्या टेबलापाशी थांबला. त्या भर उन्हाळ्यात खोलीत ओल्या गाळाचा वास आला.

दादा भिंतीला टेकला होता. अगदी हळू बोलला.

"कसा येईन तो? फोन तं मी सोता पूर्णा नदीत फेकला होता."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

"अन् अंकुर?"

तो जिना उतरला. खाली कुलूप उघडल्याचा आवाज आला.

ठिपका त्याच्यामागे गेला नाही...

चार मिनिटं माझ्या शेजारी होता. मग दिसेनासा झाला.

मी तशीच बसने दर्यापूरला घरी गेले. आई भाकरी थापत होती. तिला एवढंच सांगितलं, अंकुरचा फोन आज दुकानात दिसला.

तिचा हात थांबला.

"पाण्यात टाकलेला फोन कसा दिसन वं?"

पाण्याचं मी बोललेच नव्हते.

पोलिसांत तक्रार दिली. दादा म्हणतो, मी असं बोललोच नाही. आई म्हणते, पोरीले भास झाला. नदीत काही सापडलं नाही. मी आता अमरावतीत खोली घेऊन एकटी राहते.

सहा महिने मी ज्याला शिव्या दिल्या, तो माझ्यापाशी चार मिनिटं थांबला होता...

कशासाठी, ते मला अजून कळलेलं नाही.