बहात्तर तासांच्या आत

माझ्या मुलीला तो पहिल्यांदा भेटला तेव्हा त्याने तिच्या नाकात काडी घातली आणि तिने त्याला शिवी दिली. कोणती शिवी, ते ती मला अजून सांगत नाही.

विमानं तेव्हा पुन्हा सुरू झाली होती, पण नावापुरती. आठवड्यातून दोन, तीही उडाली तर. विमानात बसायचं तर सुटायच्या वेळेआधी बहात्तर तासांच्या आत नाकाघशाचा नमुना दिलेला असायला हवा आणि त्याचा रिपोर्ट निगेटिव्ह हवा, असा नियम होता. मुलगी परदेशात एका दातांच्या प्रयोगशाळेत कामाला होती, कवळ्या बनवायची. इकडे तिची आई साथीच्या त्याच आजाराने गेली तेव्हा सगळे विमानतळ बंद होते. आईला तिने शेवटचं पाहिलं ते फोनवर. फोन मी धरला होता आणि माझा हात स्थिर नव्हता, म्हणजे तेही तिला नीट दिसलं नाही.

म्हणून विमानं सुरू झाल्याची बातमी आली त्याच दिवशी तिने तिकीट काढलं. मी म्हटलं, घाई करू नकोस, मी ठीक आहे.

"मी येणार आहे, बाबा," ती म्हणाली. "ठीक आहात की नाही ते मी येऊन ठरवीन."

नमुने घ्यायची जागा म्हणजे एका बंद सिनेमागृहाचं पार्किंग. तिथे पत्र्याची केबिन, तिला काचेची खिडकी, आणि बाहेर रांगेसाठी जमिनीवर रंगवलेले पिवळे गोल. केबिनमधला माणूस डोक्यापासून पायापर्यंत निळ्या प्लॅस्टिकमध्ये होता. दिसत होते फक्त डोळे, आणि डाव्या भुवईतून गेलेला एक जुना व्रण. येईल त्याला तो एकच सांगायचा, मान मागे करा आणि मनात दहापर्यंत मोजा. मुलगी सहापर्यंत पोचली, आणि मग ती शिवी...

"चार राहिले," तोही मराठीतच म्हणाला, आणि हात न हलवता राहिलेले चार त्यानेच मोठ्याने मोजले. सात, आठ, नऊ, दहा.

रिपोर्ट निगेटिव्ह आला. विमान आदल्या दिवशी रद्द झालं.

नऊ दिवसांनी ती पुन्हा त्याच गोलांवरून पुढे सरकत खिडकीशी आली. त्याने फॉर्मवरून नजर वर केली.

"पुन्हा तुम्ही?"

"विमान गेलंच नाही."

"अरेरे. म्हणजे... वाईट झालं. पण आज निदान आठपर्यंत तरी मोजा."

तिने पुरते दहा मोजले. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, अशा अवस्थेत तिने रुमाल शोधला आणि त्याला सांगितलं, की तुमचा खालचा एक दात वाकडा आहे, उजवीकडून दुसरा. त्याच्या तोंडावर दोन मास्क आणि वर प्लॅस्टिकची ढाल होती. तो नमुन्याच्या नळीला झाकण लावायचं विसरला. तिने समजावलं, की गेल्या वेळी तुम्ही सात म्हणालात तेव्हा दाताच्या फटीतून हवा निसटली. दिवसभर माझ्या हातात दातच असतात, मला ऐकू येतं.

"दुरुस्त होईल का तो?" त्याने विचारलं.

"होईल. पण कशाला?"

त्याच्या भुवईवरचा व्रण थोडा वर गेला. म्हणजे तो हसला असावा. तोंड दिसत नसताना माणूस हसला की नाही हे ओळखायला त्या दिवसांत सगळेच शिकले होते.

तेही विमान रद्द झालं. तिचे फोन रोज यायचे. पूर्वी ती दहा मिनिटं विमानाबद्दल बोलायची, आता दोन मिनिटं विमान आणि आठ मिनिटं नाकवाला. हे नाव तिने ठेवलं होतं. त्याने तिला निघताना कवळीबाई म्हटलं होतं. तिची आई असती तर पहिल्याच फोनला समजली असती. मी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. कुठलीही गोष्ट वर जायला लागलीय हे मला जरा आवाज झाल्याशिवाय कळत नाही.

तिसऱ्या वेळी पावसाची भुरभुर होती आणि रांगेत कोणीच नव्हतं. नमुना देऊन झाल्यावरही ती खिडकीसमोरच्या पत्र्याखाली थांबली. त्याने विचारलं, एवढं कोणाकडे जायचंय? तिने आईचं सांगितलं, फोनचं सांगितलं, माझं सांगितलं. त्याने काचेमागे तिच्या नळीवरची चिठ्ठी पुन्हा एकदा दाबून चिकटवली. मग म्हणाला, "तू पोचशील." अहो-जाहो कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही.

पार्किंगच्या पलीकडे चहाचं एक दुकान होतं आणि बाहेर एक बाक. ती म्हणाली, तुझं काम संपलं की चहा घेऊ या. तो नाही म्हणाला. ती म्हणाली, पाच मिनिटं. तरी नाही. बरं, उभ्यानेच? तर म्हणे, "सांगितलं ना, नाही." आणि त्याने खिडकी लावून घेतली.

त्या दिवशी फोनवर ती म्हणाली, शिष्ट आहे मेला. मी म्हटलं, सोड गं. अशा वेळी मुलीला काय सांगायचं असतं ते मला येत नाही. ते खातं माझ्याकडे कधी नव्हतंच.

तिसरं विमानही गेलं नाही. सीमा महिनाभर पुन्हा बंद झाल्या. त्या महिन्यात एका सकाळी मी बाथरूममध्ये पडलो. हाड मोडलं नाही, पण उठायला दुपार झाली. मी कोणाला सांगणार नव्हतो, खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी मुलीला फोन केला. त्यांनी हेही सांगितलं, की माझ्या घरून स्वयंपाकाचा वास येत नाही, दिवसभर पडदे ओढलेले असतात. हे खरं होतं. मुलीला मी रोज जेवलो म्हणून सांगायचो, आणि रोज जेवत नव्हतो.

त्यानंतर तिने मला काही विचारणं बंद केलं. नुसतं सांगायची. विमानं सुरू होताहेत. तिकीट काढलंय. गुरुवारी सकाळी आठला सुटणार. सोमवारी सकाळी नऊला नमुना देणार.

सोमवारी ती खिडकीशी गेली तर आत दुसरीच बाई. त्या बाईने नमुना घेतला आणि पार्किंगच्या टोकाकडे बोट केलं. तिथे भिंतीपाशी तो उभा होता, साध्या कपड्यांत, तोंडावर मास्क. मुलगी त्याच्याकडे निघाली तसे त्याने दोन्ही हात वर केले, रस्त्यात गाडी अडवतात तसे. ती थांबली. तीसेक पावलं मध्ये. मग तिचा फोन वाजला.

"नंबर फॉर्मवरून घेतला," तो म्हणाला. "हे चूक आहे. तक्रार कर हवं तर."

"आधी बोल. मग बघते."

त्याने सांगितलं, की केबिनमधल्या दुसऱ्या पाळीचा सोबती आज सकाळी पॉझिटिव्ह निघाला. काल दोघं शेजारी बसून जेवले होते. म्हणून यालाही सरळ घरी जायला सांगितलं होतं. पण आजच्या यादीत तिचं नाव दिसलं, म्हणून तो तिला लांबून बघायला थांबला. आणि चहाचं म्हणशील तर, माझ्यासमोर दिवसाला दोनशे माणसं तोंड उघडतात. तुझ्याबरोबर बाकावर बसलो असतो आणि तू पॉझिटिव्ह निघाली असतीस, तर तुझ्या बाबांना काय तोंड दाखवलं असतं?

मुलगी चिडली. एवढीशी गोष्ट, ही तेव्हाच का सांगितली नाही?

"सांगितली असती तर आपण बोलत बसलो असतो," तो म्हणाला. "आणि बोलत बसलो असतो तर तोंडातून निघालं असतं."

"काय निघालं असतं?"

"नको जाऊस, असं."

भुरभुर पुन्हा सुरू झाली होती. ती पत्र्याखाली होती, तो भिंतीशी उघड्यावर भिजत होता. छत्री देता येत नव्हती, जवळ जाता येत नव्हतं.

"मी गेले असते तरी," ती शेवटी म्हणाली.

"माहीत आहे. म्हणून तर... जाऊ दे. आता ऐक." आणि तो एकदम कामाचं बोलायला लागला. उद्या संध्याकाळी चारला येऊन आणखी एक नमुना दे. ती म्हणाली, आजचा दिलाय की, एकाहत्तर तास बसतात. तो म्हणाला, विमान वेळेवर सुटलं तर बसतात. इतकी माणसं जाताना पाहिली, आठचं विमान आठला सुटलेलं ऐकलं नाही. उशिराच्या नमुन्याचा रिपोर्ट वेळेत येईल याची खात्री नसते, म्हणून सगळे लवकर देतात आणि तिथे फसतात. तू दोन्ही दे. एक लवकरचा, एक उशिराचा.

"दोनदा नाकात काडी?"

"दोनदा. शिव्या मला फोनवर दे."

गुरुवारी विमानाला पाच तास उशीर झाला. विमानतळावर खिडकीवरचा माणूस एकेकाचा रिपोर्ट बघायचा, नमुन्याची वेळ बोटांवर मोजायचा आणि नाही म्हणून मान हलवायचा. तिच्या पुढचं एक जोडपं बॅगांवर बसून राहिलं. तिची पाळी आली. तिने सोमवारचा रिपोर्ट दाखवला, माणसाने मान हलवली. तिने मंगळवारचा पुढे केला. तो आदल्या रात्री आला होता. माणसाने तो दोनदा वाचला आणि शिक्का मारला.

ती आली, पण मला तिला जवळ घेता आलं नाही. बाहेरून आलेल्याने चौदा दिवस एका खोलीत राहायचं होतं. दारात उभी राहून तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, म्हणाली, "याला ठीक म्हणायचं?" आणि आतल्या खोलीत गेली.

मग मला स्वयंपाक करणं भाग पडलं. पहिल्या दिवशी भात करपला, दुसऱ्या दिवशी कच्चा राहिला. ताट दाराशी ठेवायचं, टकटक करायची, आणि मागे सरायचं. मी दारापासून दूर स्टूल टाकलं आणि माझं ताट मांडीवर घेतलं. ती आतून बोलायची, मी बाहेरून. ही सगळी गोष्ट मी अशी दारातून ऐकली आहे. पडदे उघडायला तिने सांगितलं नव्हतं. ताटात काय आहे ते दिसावं म्हणून मीच उघडले.

तिसऱ्या दिवशी दारामागून रडणं आलं. नाकवाला पॉझिटिव्ह होता. मंगळवारीच कळलं होतं, ती पोचेपर्यंत बोलला नव्हता. मी तिच्याकडून नंबर घेतला आणि त्याला फोन लावला. मी कोण ते सांगितलं. तो खोकला, काका म्हणाला आणि आधी फॉर्मवरून नंबर घेतल्याबद्दल माफी मागायला लागला. मी त्याला मध्येच थांबवून ऑक्सिजनचा आकडा विचारला. तिच्या आईच्या वेळी मी दर तासाला तो विचारायचो आणि दर तासाला तो कमी व्हायचा. तो म्हणाला, सत्त्याण्णव. दुसऱ्या दिवशीही सत्त्याण्णव. चौथ्या दिवशी अठ्ठ्याण्णव. मग मी फोन करणं थांबवलं, आणि पाचव्या दिवशी त्याचाच आला, काका, तुम्ही बरे आहात ना?

मुलगी माझ्याजवळ सात महिने राहिली. लसी आल्या, विमानं रोज जायला लागली. तिच्या प्रयोगशाळेच्या मालकीणबाईंचा निरोप आला, की घरात बसून काळजीने दात खाऊन लोकांनी दातांची वाट लावली आहे, ये लवकर. ती म्हणाली, मी जाणार नाही, तुम्हाला एकटं सोडून तर नाहीच. त्याला तिने तसं कळवूनही टाकलं. त्याने उत्तर दिलं, मग मी येतो, काम शोधतो तिकडे. तिने कळवलं, तू तुझं काम सोडायचं नाहीस. दोघं माझ्यावरून भांडत होते आणि मला कोणी विचारत नव्हतं.

मी पासपोर्ट काढून आलो. एकसष्टाव्या वर्षी, आयुष्यातला पहिला. टेबलावर ठेवला आणि म्हटलं, दोन तिकिटं काढ, माझंही. मी कायमचा येत नाही. त्याला बघतो, तुझं बस्तान बसवतो आणि माझ्या घरी परत येतो. जेवण मला आता करता येतं. ती वाद घालायला लागली. मी म्हटलं, "तू मला विचारून आली होतीस का?"

तिने फोन उघडला आणि दोन तिकिटं काढली. वादात मी तिला पहिल्यांदाच हरवलं असेल.

तिथल्या विमानतळावर आम्ही बाहेर आलो तेव्हा तो कठड्यापलीकडे उभा होता. मास्क आता सक्तीचे नव्हते. कितीतरी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती. हे दोघं मात्र समोरासमोर आले आणि सहा फुटांवर थांबले. ना ती पुढे, ना तो. एवढ्या दिवसांची सवय. त्याचे हात अर्धे वर आले होते, पुढे व्हायचं की अडवायचं ते त्यांना ठरवता येत नव्हतं.

"ये की आता," मुलगी म्हणाली. "मला आता कुठलंही विमान पकडायचं नाहीये."

मी सामानाची गाडी ढकलत त्यांच्या बाजूने पुढे गेलो आणि बाहेरचं दार येईपर्यंत मागे वळून बघितलं नाही.