दाढेवरचं झाकण

"दाढ सुजली म्हणून कुणी गुप्तहेराकडे येतं का?" निवृत्त फौजदारांनी विचारलं.

"अक्कलदाढ न आलेली माणसं असंच विचारतात," करवत म्हणाली. गुप्तहेर तीच; तिच्या जिभेमुळे हेच नाव तिला चिकटलं होतं. फौजदार तिचे जुने सोबती, टोमण्यांना निर्ढावलेले.

समोरची तरुण दंतवैद्य मात्र हसली नाही. सासऱ्यांच्या दवाखान्यात तिने एका बासरीवादकाचं रूट कॅनल सुरू केलं होतं. पुढच्या भेटीपर्यंत आत लाळ जाऊ नये म्हणून दाढेवर तात्पुरतं सिमेंट भरलं. आठवड्यात जबड्यात पू झाला, हॉस्पिटलात चीर द्यावी लागली. आता त्याला बासरी वाजवता येईल की नाही, कुणीच सांगत नव्हतं.

"घरचे म्हणतात, माझं झाकण गळलं. पण मी सिमेंटखाली कापसाचा जेमतेम एक धागा ठेवून वर जाड थर दिला होता. दुसऱ्या दिवशी तर मी रजेवर होते."

हॉस्पिटलात बासरीवादक कसाबसा बोलला. "दुसऱ्या दिवशी सिमेंट उंच लागत होतं. दवाखान्यात गेलो. मास्कवाल्या कुणीतरी घासून दिलं. नंतर जेवताना सगळंच निघालं आणि घासाबरोबर पोटात गेलं."

"इथल्या डॉक्टरांना काय दिसलं?" करवतने विचारलं.

"रिकामी दाढ."

दवाखान्यात सासरे गुरगुरले, "मी त्या पेशंटला हातही लावला नाही. सूनबाईंना काम जमत नाही, झालं!"

धाकटा दीरही दंतवैद्यच. वहिनीच्या खुर्चीत तो आधीच ऐसपैस बसला होता. "मी तर त्याचं तोंडही पाहिलं नाही. पण वाटाण्याएवढा बोळा कोंबून वर कागदासारखं सिमेंट थापलं, तर चावताना दबणारच. कडेनं लाळ झिरपणारच."

"सासराच!" फौजदार कुजबुजले. "केवढा खेकसतो!"

"खेकसणं गुन्हा असता, तर तुम्ही जन्मठेपेवर असता."

करवतने सगळ्यांना एकत्र बसवलं आणि दिराकडे वळली.

"झाकण पेशंटच्या पोटात गेलं. हॉस्पिटलला दाढ रिकामी मिळाली. तुमच्या वहिनींनी ठेवला होता एक धागा. मग वाटाण्याएवढा बोळा पाहिला कुणी?"

"अंदाजानं बोललो."

"बोळ्याचं माप, सिमेंटची जाडी, सगळं अंदाजानं? तोंड न पाहता? पेशंट आला, वहिनी रजेवर होत्या. तुम्ही चांगलं झाकण काढलंत आणि गळेल असं बसवलंत. या खुर्चीसाठी. चोरी करायलाही थोडी लाज लागते हो."

सासरे ताडकन उठले. "अरे, नुसतं घासलं म्हणाला होतास ना!"

आपण काय बोलून बसलो, ते सासऱ्यांना उशिरा कळलं.

"म्हणजे तुम्हालाही ठाऊक होतं," करवत म्हणाली. "आणि सुनेच्या माथी मारलंत. छान."

"सूनबाई," सासऱ्यांचा आवाज एकदम मऊ झाला, "घरातलं घरातच राहू दे."

सुनेने फोन उचलला, हॉस्पिटलचा नंबर लावला, बासरीवादकाला द्यायला सांगितलं. मग फोन दिराच्या कानाशी धरला.

"बोला, भाऊजी."