उशाशेजारची भिंत

रंगकामात माझी चाळीस वर्षं गेली. भिंतीची भीती कधी वाटली नव्हती. ती एका भर दुपारी वाटली, ते सांगतो.

दारूच्या कारखान्यामागच्या गल्लीत काम निघालं होतं. पिंपांत मुरणाऱ्या दारूची वाफ गोदामातून झिरपते आणि तिच्यावर एक काळी बुरशी पोसते. त्या गल्लीतल्या भिंती, कुंपणं, झाडांची खोडं, सगळं काजळी फासल्यासारखं. पण ती बाहेरच धरते. घरात येत नाही... असं मी समजत होतो.

काकूंनी दार उघडलं. "बाहेरचं राहू द्या, दादा. लेक उद्या बाळाला घेऊन येतेय. आतली खोली तेवढी करा."

खोलीत एक पलंग. खिडकीच्या फटीसुद्धा चिकटपट्टीने बुजवलेल्या. भिंती स्वच्छ पांढऱ्या, फक्त उशाशेजारी ताटलीएवढा काळाकुट्ट डाग.

"इथे आमचे हे झोपायचे," काकू उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या. "गोदामात कामाला होते. यायचे ते पिऊनच. मग भिंतीकडे तोंड करून पडायचे."

श्वासातल्या दारूवर बुरशी धरली असणार. त्यात नवल नव्हतं.

"आता कुठे असतात?"

"जाऊन दीड वर्ष झालं. तेव्हा डाग बटणाएवढा होता."

मी कामाला लागलो. डाग घासून काढला, भिंत सुकू दिली आणि प्रायमरचा हात मारायला पलंगावर वाकलो.

हाताला ऊन श्वास लागला. थांबला. पुन्हा लागला... गाढ झोपलेल्या माणसाचा, संथ. दारूचा भपका आला. पलंगावर कोणी नव्हतं. उशी मात्र मधोमध दबलेली होती.

मग पलंग करकरला आणि तोच श्वास माझ्या तोंडावर आला.

उंबऱ्यापलीकडून काकूंनी हलकेच विचारलं, "दादा... कूस बदलली का त्यांनी?"

ब्रश, डबे, सगळं टाकून मी बाहेर आलो. "लेकीला येऊ देऊ नका," एवढंच म्हणालो.

चौथ्या दिवशी सामान आणायला गेलो. आधी भिंत पाहिली. पांढरीशुभ्र, ठिपकासुद्धा नाही. उशी फुगलेली. माझा जीव भांड्यात पडला.

बाहेरच्या खोलीत लेक पाळण्यापाशी बसली होती. रात्रभर झोपली नसावी. मी वाकून बाळाला पाहिलं. हनुवटीवर काळा ठसा होता, दोन ओठ टेकवल्यासारखा.

"ओल्या फडक्याने पुसा," मी म्हणालो.

"पुसते ना," ती म्हणाली. "पुसलं की बाळ झोपेत हसतं... आणि तो खाली सरकतो. सकाळी कपाळावर होता."